वहिनींना कळता कामा नये

पुण्याच्या वहिनींना तुमचा पगार जाणून घ्यायचा असेल तर त्या पगार विचारत नाहीत. ‘गॅलरीला ग्रिल लावलंत वाटतं?’ असं विचारतात. तुम्ही बेसावधपणे ‘हो’ म्हणता. मग ‘सोसायटीने सगळ्यांना मिळून लावलं की तुमचं तुम्ही?’ हा दुसरा प्रश्न येतो. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत वहिनींनी तुमचा पगार, त्यातून जाणारा घराचा हप्ता आणि हुकलेलं प्रमोशन, सगळं हजार-पाचशेच्या फरकाने काढलेलं असतं. कर्ज मंजूर करणारे बँकवाले याहून कितीतरी जास्त कागद मागतात आणि याहून कितीतरी जास्त चुकतात.

अशा वहिनी प्रत्येक घराण्यात एक तरी असतात. कुठे त्या आत्या असतात, कुठे मावससासू, आणि आमच्या एका चुलत घरात तर त्या निवृत्त मुख्याध्यापक काका आहेत. त्यामुळे मराठी मध्यमवर्गाला गोपनीयता म्हणजे काय ते बाहेरून शिकवावं लागत नाही. साडीची किंमत सासरी निम्मी सांगायची आणि माहेरी दीडपट, हे आमच्याकडे लग्नानंतर पहिल्या दिवाळीपर्यंत आपोआप येतं. नव्या टीव्हीचा खोका रात्री फाडून, चपटा करून, दुसऱ्या विंगच्या कचऱ्यात ठेवला जातो. दहावीच्या निकालाचा फोन उचलण्याआधी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’चे टक्के सांगायचे की सगळ्या विषयांचे, यावर घरात बैठक होते. बीपीच्या गोळ्या समोरच्या मेडिकलमधून न आणता स्टेशनजवळच्या मेडिकलमधून आणायच्या. मुलीला बघायला कोण येऊन गेलं ते तर शेजारच्या दाराच्या पायपुसण्यालाही कळू द्यायचं नाही. ‘दृष्ट लागते’ या दोन शब्दांत आमच्या आजीचं संपूर्ण डेटा संरक्षण धोरण मावलेलं होतं, आणि त्याचा भंग झाल्यास मीठ-मोहऱ्यांची तरतूदही होती.

म्हणूनच २०१५ साली केंद्र सरकारच्या अॅटर्नी जनरलनी सर्वोच्च न्यायालयात उभं राहून ‘खासगीपणा हा काही मूलभूत हक्क नाही’ अशी बाजू मांडली, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. या गृहस्थांना वहिनी नसाव्यात असाच सर्वांचा निष्कर्ष निघाला. त्यांच्या हाताशी १९५४ आणि १९६२ चे जुने निकाल होते. समोर अर्जदार होते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी, वय ऐंशीच्या बरंच पुढे. या वयाची माणसं सहसा पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी भांडतात. हे आधारविरुद्ध भांडत होते. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्कच आहे. त्याच निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला, १९७६ चा, एक कुप्रसिद्ध निकाल चुकीचा ठरवून मोडीत काढला. त्या जुन्या निकालावर बहुमताच्या बाजूने सही करणाऱ्यांत त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते. ‘बाबांचं चुकलं’ म्हणणारा मुलगा घराघरात आहे. पण ते छापून, आठ सहकाऱ्यांच्या साक्षीने म्हणणं सोपं नाही.

तर असा हा हक्क. आता त्या हक्काचा धनी शनिवारी संध्याकाळी कपड्यांच्या मोठ्या दुकानात बिलाच्या रांगेत उभा करा.

‘सर, मोबाइल नंबर?’

सख्ख्या भावाला पगार न सांगणारा हा माणूस त्या अनोळखी पोराला दहाच्या दहा आकडे सांगतो. दुकानात गाणी लागलेली असतात म्हणून ओरडून सांगतो. पोरगा ते खात्रीसाठी पुन्हा मोठ्याने वाचतो. मग ई-मेल. मग जन्मतारीख. मग लग्नाचा वाढदिवस, जो आठवायला बायकोकडे बघावं लागतं आणि त्यातून रांगेतल्या लोकांना संसाराची एकंदर कल्पना येते. एवढं सगळं कशासाठी, तर पुढच्या खरेदीवर शंभर रुपये सूट मिळावी म्हणून, आणि तीसुद्धा अडीच हजारांच्या वर बिल झालं तर. आमच्या एका नातेवाइकांनी चष्म्याच्या दुकानात ‘आपला व्यवसाय’ या रकान्यात आयुष्यभर घरात न सांगितलेली शेअर्सची उलाढाल लिहून दिली. कारण काय, तर रकाना होता. रिकामा रकाना दिसला की मराठी माणसातला परीक्षार्थी जागा होतो. प्रश्न सोडला तर मार्क जातील असं त्याला वाटतं.

मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना बजावलं, की बिलासाठी ग्राहकाकडे मोबाइल नंबरची सक्ती करू नका. मी ते पेपरात वाचलं आणि पुढच्याच खरेदीला वापरून बघितलं.

‘नंबर देणार नाही. सरकारने सांगितलंय.’

पोरगा घाबरला नाही, रागावला नाही. त्याच्या चेहऱ्यावर फक्त दुःख पसरलं. ‘सर, पण सिस्टीम पुढेच जात नाही ना.’

मागे रांग होती. रांगेतल्या एका आजोबांनी ‘काय झालं हो?’ विचारलं. दुसऱ्याने ‘पैसे कमी पडलेत वाटतं’ असं उत्तर दिलं. यानंतर कुठल्याही स्वाभिमानी माणसाने जे केलं असतं तेच मी केलं. ओरडून नंबर सांगितला.

आधार कार्डाच्या झेरॉक्सवर तर स्वतंत्र पुराण लिहिता येईल. आधारची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रातली: २९ सप्टेंबर २०१०, नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली गाव. तिथून निघालेला तो बारा आकडी नंबर आज प्रत्येकाच्या पाकिटात झेरॉक्सच्या रूपाने दुमडून बसलेला असतो. लॉजवर झेरॉक्स, भाडेकराराला झेरॉक्स, सोसायटीचा हॉल मुंजीसाठी घ्यायचा तर झेरॉक्स. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या टेबलाखाली बिघडलेल्या प्रतींचं खोकं असतं, त्यात अख्खा वॉर्ड उपडा पडलेला असतो. प्रत काळी आली म्हणून तो दुसरी काढतो आणि पहिली त्या खोक्यात टाकतो. ‘ती पण द्या’ असं म्हणणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. काळ्या प्रतीचे पैसे लागतील अशी भीती वाटते.

२७ मे २०२२ रोजी आधारच्या बंगळुरू कार्यालयातून एक पत्रक निघालं: आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. लोकांच्या छातीत धस्स झालं. आजवर दिलेल्या झेरॉक्सा कुठेकुठे आहेत ते आठवायला माणसं बसली. लग्नातल्या आहेराची यादी आठवावी तशी ती यादी संपेना. दोन दिवसांनी, २९ तारखेला, केंद्र सरकारने ते पत्रक मागे घेतलं. अर्थाचा अनर्थ होऊ शकतो, नेहमीची काळजी घ्या म्हणजे झालं, असं सांगितलं. नेहमीची काळजी म्हणजे झेरॉक्सवर ‘फक्त भाडेकरारासाठी’ असं लिहून तिरकी सही करणं. त्या तिरक्या रेघेवर या देशातल्या कोट्यवधी माणसांची शांत झोप उभी आहे.

आणि त्याआधी, जुलै २०१८ मध्ये, दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी स्वतःचा आधार नंबर ट्विटरवर जाहीर करून आव्हान दिलं, की यावरून माझं काय नुकसान करता येतं ते करून दाखवा. आधार उभं करण्यात त्यांचाही हात होता, त्यामुळे विश्वास दांडगा. थोड्याच वेळात लोकांनी त्यांचा मोबाइल, पत्ता, जन्मतारीख आणि पॅन नंबर मांडून दाखवला. काहींनी त्यांच्या खात्यात एक-एक रुपया जमासुद्धा केला. यात माझं नुकसान काय झालं, असं शर्मांचं म्हणणं होतं, आणि ते हिशेबाने बरोबर होतं. उलट रुपया वाढला. आपल्याकडे आहेराच्या पाकिटात पाचशेवर रुपया ठेवतात, इथे पाचशे राहिले आणि नुसता रुपया आला, एवढाच फरक. पुढे दोन-तीन दिवसांत आधार प्राधिकरणाने लोकांना सांगितलं, की असले प्रयोग करू नका.

आता खरं सांगायचं तर हे सगळं वाचून माझी झोप कधीच उडाली नव्हती. एखाद्या कंपनीला कळलं तर कळलं. कंपनी काय मंगळागौरीला येणार आहे? माझी साखर किती आहे हे एखाद्या परदेशी यंत्राला माहीत असलं म्हणून ते बारशात जिलबीचं ताट माझ्यासमोरून उचलणार नाही. कळणं म्हणजे वहिनींना कळणं. बाकीच्यांना फक्त माहिती असते.

हा भ्रम एका गणपतीत फुटला.

पाहुणे आले होते. आरती झाली, प्रसाद झाला. कुणीतरी म्हणालं, टीव्हीवर लालबागच्या राजाचं दर्शन लावा. मुलाने रिमोट दाबला आणि हॉलच्या भिंतीवर पंचावन्न इंची पडद्यावर माझं खासगी आयुष्य चार ओळींत, चित्रांसकट उलगडलं. रात्री अंथरुणात पांघरुणाखाली फोनवर मी जे जे बघितलं होतं त्याच्या अनुषंगाने ‘तुमच्यासाठी खास’ म्हणून ते तिथे मांडलेलं होतं. फोनवर आणि टीव्हीवर खातं एकच, त्यामुळे यंत्राच्या मते मी आणि हॉल एकच. पहिल्या ओळीत ‘पन्नाशीनंतर टकलावर केस येतात का? डॉक्टर काय म्हणतात?’ त्याच्या शेजारी ‘घोरणाऱ्या नवऱ्यासाठी पाच उपाय’. हा तर बायकोने माझ्या फोनवर बघितला होता, पण ते सांगायला वेळ मिळाला नाही. खाली ‘तरुण मुलगा तुमचं ऐकत नाही?’ मुलगा रिमोट हातात घेऊन माझ्याकडे बघत होता. आणि कोपऱ्यात, अगदी छोटंसं, ‘फ्लॅट विकताना टॅक्स कसा वाचवाल?’

सोळा माणसांच्या खोलीत पंधरा माणसं केसांना हसली. वहिनी हसल्या नाहीत. हातातला मोदक ताटलीत ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या,

‘भाऊजी, फ्लॅट विकताय?’

रात्री नऊपर्यंत नाशिकच्या आत्यांचा फोन आला. दहापर्यंत अमेरिकेतल्या मेव्हण्याचा. त्याच्याकडे तेव्हा सकाळ होती, म्हणजे बातमीने उजाडल्याउजाडल्या त्याला गाठलं होतं. आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या फोनवर बिल्डरांच्या जाहिराती सुरू झाल्या. ते मात्र वहिनींनी केलेलं नव्हतं.

बिल्डरांना कसं कळलं याचा शोध घेताना मला जे समजलं ते असं. आपण इंटरनेटवरचं एखादं पान उघडतो आणि ते उघडेपर्यंत डोळ्याचं पातं लवतं, तेवढ्यात मागे एक लिलाव होऊन जातो. ‘ठाणे परिसर, पुरुष, पन्नाशीचा, घराच्या व्यवहारात रस, टक्कल’ एवढा माल यार्डात आल्याची हाळी जाते. जाहिरातवाल्यांची यंत्रं बोली लावतात. सर्वांत जास्त बोलीवाल्याची जाहिरात त्या पानावर येऊन बसते. लासलगावला कांद्याचा लिलाव होतो तेव्हा निदान शेतकरी ट्रॅक्टरजवळ उभा असतो आणि भाव पडला तर लिलाव बंद पाडायची सोय असते. इथे माझी दिवसातून कितीतरी वेळा बोली लागते, मी कितीला जातो ते मला कुणी सांगत नाही, आणि पैसे तर सोडाच, साधी पट्टीसुद्धा हातात पडत नाही. बरं, विकत घेणाऱ्याला माझ्याबद्दल जे कळतं तेही कच्चं. मी एकदा कुकरची रिंग मागवली तर पुढचा महिनाभर मला जगातल्या सगळ्या रिंगा दाखवण्यात आल्या. वहिनी असत्या तर रिंग बघूनच त्यांनी ओळखलं असतं, की हे नवीन कुकर घ्यायच्या ऐपतीत नाहीत.

या धक्क्यानंतर मी व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्ज नावाच्या प्रदेशात गेलो. तिथे इतकी कुलपं असतील याची मला कल्पना नव्हती. शेवटचं केव्हा ऑनलाइन होतो ते लपवायचं कुलूप. फोटो लपवायचं कुलूप. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा बंद करायचं कुलूप. या खुणा व्हॉट्सअॅपने नोव्हेंबर २०१४ मध्ये आणल्या आणि जगभर एवढा गहजब झाला, की थोड्याच दिवसांत त्या बंद करायची सोय द्यावी लागली. ‘वाचून उत्तर दिलं नाहीस’ या एका वाक्यावर किती घरांत जेवण सुटलं असेल! २०२३ पासून तर एखादं संभाषणच वेगळ्या कपाटात ठेवून त्याला कुलूप लावता येतं. आणि सर्वांत सुंदर सोय म्हणजे ‘माझे संपर्क, परंतु यांच्याशिवाय’. त्या यादीत जाऊन वहिनींच्या नावापुढे खूण करताना मला जो आनंद झाला तो मी कुणालाही सांगू शकलो नाही.

पण कुलपं लावून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. ही सगळीच्या सगळी कुलपं वहिनींसाठी आहेत. म्हणजे बायको, मुलगा, साहेब, सासरची मंडळी यांच्यासाठी. ज्या कंपनीने ती दिली तिच्यापासून लपायला त्यांतलं एकही उपयोगी नाही. ती आतच बसलेली आहे. आपल्याला कुणाची भीती वाटते हे तिने बरोबर ओळखलं आणि त्या भीतीवर फुकट कुलपं वाटली. शिवाय मी कुणाकुणासाठी कुलूप लावलं याची यादी आता तिच्याकडे आहे, जी आजवर खुद्द बायकोकडेही नव्हती.

अशा कंपनीकडे काय काय साठतं ते एकाने मागून बघितलं होतं. २०११ मध्ये मॅक्स श्रेम्स नावाच्या ऑस्ट्रियातल्या कायद्याच्या विद्यार्थ्याने फेसबुककडे मागणी केली, की माझ्याबद्दल जे काही तुमच्याकडे आहे ते मला द्या. बाराशेच्या वर पानं आली. त्यात त्याने स्वतः पुसून टाकलेला मजकूरही होता. वहिनींना माझ्याबद्दल लिहायला सांगितलं तर त्या चाळीस पानांच्या वहीत आटपतील. पण ती वाचून मुलीचं स्थळ मोडता येईल.

व्हॉट्सअॅपच्या बाबतीत एक गोष्ट मान्य करायला हवी. २०१६ पासून तिथला मजकूर दोन टोकांच्या मधे बंद असतो, तो कंपनीलाही वाचता येत नाही. कोण, कुणाशी, केव्हा, किती वेळा, एवढंच तिला कळतं. ‘एवढंच’ म्हणणाऱ्याने वहिनींकडे एक दुपार काढावी. वहिनींना मजकूर कधी लागलाच नाही. धाकट्या दिराचं जमलंय हे त्यांनी काही पत्र फोडून ओळखलं नव्हतं. तो रोज रात्री जेवण झाल्यावर बराच वेळ टंगळमंगळ करतो, मग एकदम चप्पल घालून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जातो, एवढंच त्यांनी बघितलं. थांबून जातो म्हणजे रात्रीचे दर उतरायची वाट बघतो. म्हणजे मुलगी बाहेरगावची. परत येताना त्याच्या शर्टाच्या खिशात सुट्टे नसतात, म्हणजे बोलणं लांबतं, म्हणजे ठरलंय. गुरुवारी जात नाही, म्हणजे गुरुवारी तिचे वडील घरी असतात. वहिनींनी वर्तुळ करून सासूबाईंसमोर ठेवलेल्या तीन गावांच्या नावांत मुलीचं गाव होतं.

हीच विद्या २०१८ च्या जानेवारीत जगाला कळली आणि सगळे चकित झाले. पळणाऱ्यांच्या मनगटावरच्या घड्याळांवरून माहिती घेणाऱ्या स्ट्राव्हा या कंपनीने सगळ्या जगाचा नकाशा प्रसिद्ध केला होता. कोण कुठून पळतं त्याच्या उजळ रेघा. नाव नाही, गाव नाही. पण सीरिया-अफगाणिस्तानच्या ओसाड भागात मधेच चौकोनी रेघा चमकायला लागल्या. तिथे अमेरिकी सैनिक सकाळी तळाच्या कुंपणाकडेने पळत होते. तळ गुप्त, व्यायाम उघड.

आमच्या कुटुंबाचा ग्रुप मात्र वेगळ्याच आघाडीवर लढतो आहे. धोक्याची सूचना आमच्याकडे फॉरवर्डमधून येते. ‘मेसेजवर तीन खुणा, त्यात एक लाल दिसली तर समजा सरकारने वाचला’ ही सूचना दर पावसाळ्यात नव्याने येते. निवृत्त काकांनी ‘मी याद्वारे फेसबुकला माझे फोटो वापरण्यास मनाई करीत आहे’ असं जाहीर निवेदन फेसबुकवरच टाकलं, खाली पूर्ण नाव, जुना हुद्दा, घराचा पत्ता आणि दोन फोन नंबर दिले. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपने अटी बदलत असल्याची सूचना काढली तेव्हा तर ग्रुपवर क्रांती झाली. व्हॉट्सअॅप सोडायचं असा ठराव व्हॉट्सअॅपवर झाला. सगळे सिग्नल या अॅपवर गेलो. तिथे पहिल्या दिवशी ‘सगळे आले का?’ असा एक मेसेज होता. दुसऱ्या दिवशी ‘आलो’ असे पंधरा. तिसऱ्या दिवशी काही नाही. व्हॉट्सअॅपने भारतातल्या पेपरांत पानभर जाहिराती देऊन खुलासा केला, पण आमच्या ग्रुपला परत आणलं ते जाहिरातींनी नव्हे. सुप्रभातची चित्रं जुन्या ग्रुपवरच राहिली होती.

या सगळ्याचा वहिनींवर काय परिणाम झाला? त्या निवृत्त होतील असं मला वाटलं होतं. त्यांचं वय झालंय, गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. पण ज्यासाठी पूर्वी एसटीने जाऊन, दोन दिवस राहून, मुलाच्या ऑफिसातल्या शिपायाशी आणि नाक्यावरच्या पानवाल्याशी बोलावं लागायचं, ते आता त्यांना खुर्चीत बसून जमतं. स्थळ आलं की त्या भाचीला शेजारी बसवतात आणि मुलाची जुनी छायाचित्रं वरून खाली नव्हे, खालून वर बघत येतात. माणूस सुरुवातीला बेसावध असतो म्हणे. गोव्यातला एखादा फोटो सापडतो. ग्लासात काय आहे यावर दोन मतं पडतात. फोन कुणाचा ते सांगणारं एक अॅप त्यांनी घेतलंय. लोकांनी आपापल्या फोनमध्ये ज्या नावाने आपल्याला जतन केलंय ती नावं त्यात गोळा होतात. त्यातून माझं नाव ‘बी विंग पार्किंग भांडण’ असं पुढे आलं. आणि आमच्या विमा एजंट मेव्हण्याचं ‘उचलू नये’.

मग मी कायद्याकडे वळलो. २०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा मंजूर केला. त्यात माहिती सांभाळण्यात कसूर केली तर कंपनीला अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत मागता येईल, म्हणजे मराठीतही. आजवर आपण जे इंग्रजीत न वाचता मान्य करत होतो ते आता मराठीत न वाचता मान्य करू शकू. खोटी किंवा उगाच तक्रार केली तर तक्रारदारालाही दहा हजारांपर्यंत दंड आहे. म्हणजे शहानिशा करूनच तक्रार करायला हवी, म्हणून मी कायदा नीट वाचायला घेतला आणि तिसऱ्याच कलमात अडकलो. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला हा कायदा लागूच नाही. माणसाने स्वतःहून जगजाहीर केलेल्या माहितीलाही नाही.

अडीचशे कोटींचा दंड असलेल्या कायद्याने वहिनींना सुरुवातीलाच सोडून दिलं होतं. फेसबुकवर एका वकिलाचा या विषयावरचा व्हिडिओ बघून मी खात्री करून घेतली. अर्थ तोच निघाला. मग वाटलं, ज्याचं त्याला श्रेय द्यावं. वहिनींना फोन लावला.

‘वहिनी, एक गंमत सांगतो. सरकारने कायदा केलाय, आणि त्यात तुम्हाला खास सूट आहे.’

‘माहितीय हो. त्या वकिलाच्या व्हिडिओला तुम्ही अंगठा दिलात ना, तो दिसला मला. शेवटपर्यंत बघितला मी.’ पलीकडे थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘पण काय हो भाऊजी, वकिलापर्यंत गेलंय म्हणजे... फ्लॅटचं काही अडलंय का?’